मदत हवी आहे: कुत्र्याच्या ट्रेनिंगसाठी नेमकं कोणतं पुस्तक धरून चालू?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे पाच महिन्यांचं पिल्लू आहे, गोट्या. दोन महिन्यांचा असताना आणला. कुत्रा पाळायची आमची ही पहिलीच वेळ, म्हणून तो यायच्या आधीच दोन पुस्तकं आणून ठेवली होती. घोळ तिथूनच सुरू झाला, कारण दोन्ही पुस्तकं एकमेकांच्या बरोब्बर उलट सांगतात.

पहिल्यात लिहिलंय की कुत्रा म्हणजे शेवटी लांडगाच, त्याला कळपाचा म्होरक्या लागतो. तुम्ही झाला नाहीत तर तो होईल. म्हणून दारातून आधी तुम्ही बाहेर पडा, आधी तुम्ही जेवा आणि तो खात असताना मधूनच भांडं काढून घ्या, म्हणजे मालक कोण ते त्याला कळेल. दुसरं म्हणतं, हवं तसं वागला की तिथल्या तिथे बक्षीस द्या, बाकी सोडून द्या.

मी पहिल्याचं ऐकलं. तीन आठवडे रोज भांडं उचललं. सुरुवातीला तो नुसता बघायचा. मग मी स्वयंपाकघरात पाय ठेवला की त्याचं खाणं थांबायला लागलं. तोंड भांड्यातच, अंग ताठ, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतोय. मला वाटलं, शिस्त लागतेय. पंधरा दिवसांपूर्वी तो गुरगुरला, आणि तेही माझ्यावर नाही, माझ्या सात वर्षांच्या मुलीवर. ती बिचारी पाणी प्यायला आली होती. चावला नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

व्हेटनी तपासलं, दुखणंखुपणं काही नाही. त्यांनी सांगितलं की भांड्याला हात लावणं बंद करा, मुलीला जेवणाच्या वेळी लांब ठेवा आणि गुरगुरल्याबद्दल रागावू नका. गुरगुरणं हा इशारा असतो. तो दाबून टाकला तर पुढच्या वेळी इशारा न देताच चावेल. आता मी लांबून जाताजाता चिकनचा तुकडा भांड्याच्या दिशेने टाकते आणि न थांबता निघून जाते. परवा पहिल्यांदाच मला येताना पाहून त्याची शेपटी हलली.

मग त्या 'म्होरक्या'चं मूळ शोधलं. प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त जागेतल्या लांडग्यांवर लिहिलं होतं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती कल्पना सगळीकडे पोचली आणि त्याच डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, मारामारी करून झालेला म्होरक्या नव्हे. माझ्याकडच्या पुस्तकाची आवृत्ती याच्या कितीतरी नंतरची आहे! म्हणजे छपाईचं साल बघूनही काही कळत नाही.

दुसऱ्या पुस्तकाची दिशा पटते, पण ते फार त्रोटक आहे. सगळ्या फोटोंत शहाण्यासारखी बसलेली पिल्लं. पिल्लू घाबरलं, अडलं, गुरगुरलं तर काय करायचं, याची एक ओळ नाही. केरन प्रायर यांचं १९८४ चं 'डोन्ट शूट द डॉग' वाचायला घेतलंय. डॉल्फिनना शिकवता शिकवता त्यांना जे उमगलं ते फार सुंदर मांडलंय, पण नावात कुत्रा असला तरी ते सगळ्याच प्राण्यांबद्दल, माणसांबद्दलही आहे. उद्या सकाळी गोट्याबरोबर नेमकं काय करायचं, ते त्यातून मला काढता येत नाही.

तर मला असं काहीतरी हवंय ज्यात कुत्र्याची देहबोली नीट, चित्रांसकट समजावलेली असेल. त्या ताठ अंगाचा अर्थ मला तेव्हाच कळला असता तर पुढचं टळलं असतं. शिवाय तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला नव्या गोष्टींची ओळख करून द्यावी असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आमचा तो काळ गेला. पाच महिन्यांच्या पिल्लापासून सुरुवात करणारं पुस्तक आहे का? आणि घरातले सगळे वाचतील असं हवं, कारण मी 'बस' म्हणते, नवरा 'सिट', सासूबाई 'खाली बस रे बाळा'. गोट्या तिघांच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. मराठीत असेल तर सोन्याहून पिवळं.

ज्यांनी खाण्यावरून गुरगुरणारं पिल्लू स्वतः सांभाळलंय त्यांनी कृपया सांगा, तुम्ही कशाच्या आधाराने केलंत? आणि मुलीला पुन्हा त्याच्या जवळ कधी जाऊ दिलंत?

ता. क. म्होरक्यावालं पुस्तक कुणाला देऊ का, असं नवऱ्याने विचारलं. मी नाही म्हटलं.