‘म्युनिक शेजार’ ग्रुप : बाबांचा ताप आणि बंद दवाखाना

[बुधवार, दुपारी २.४०]

*मानसी:* बाबांना (सासरे) चार दिवस खोकला, आज ताप ३९.२. दवाखान्यात फोन केला, जर्मन अडखळलं तर समोरून फोन ठेवून दिला. आता तर कोणी उचलतही नाही. कोणी सांगेल का काय करायचं? मागे विचारलं तेव्हाही इथे शांतता होती. फराळाच्या वर्गणीला मात्र पन्नास मेसेज येतात.

*प्रसाद (अ‍ॅडमिन):* मानसी, वर्गणीचा विषय इथे नको. बाबांचं बघू.

*जोशीकाका:* ११६११७ लावा. दवाखाना बंद असताना डॉक्टरसाठी हाच नंबर.

*वैशालीताई:* आधी हे बघ. बोलताना वाक्य पुरं होत नाही, ओठ निळसर दिसतात किंवा बाबा गोंधळल्यासारखे वागतात, यातलं काहीही असेल तर थेट ११२. पत्ता, मजला, बेलवरचं आडनाव सांग आणि फोन आपण ठेवू नकोस.

*मानसी:* तसं काही नाही ताई. बोलतायत नीट, जेवले थोडं.

*वैशालीताई:* मग ११६११७. बुधवारी दुपारी बहुतेक दवाखाने बंदच असतात, शुक्रवारीही. अशा वेळी कुठला दवाखाना उघडा आहे ते तेच सांगतात. फोन चोवीस तास चालू, फुकट.

*शिरीष:* तोवर सुंठ-तुळशीचा काढा पाठवतो, त्याला अपॉइंटमेंट लागत नाही 😄

*मानसी:* दादा, ३९ ताप आहे. प्लीज.

*शिरीष:* सॉरी गं.

*समीर:* निघण्याआधी एका कागदावर जर्मनमध्ये लिहून घे: वय, कधीपासून, ताप किती आणि कधी मोजला, कफाचा रंग, छातीत दुखतं का, अ‍ॅलर्जी, जुनी ऑपरेशन्स. गोळ्यांची ब्रँडची नावं नकोत, आतलं औषध आणि मिलिग्रॅम लिही. बाबा काय घेतात?

*मानसी:* टेल्मा ४०, ग्लायकोमेट ५००, इकोस्प्रिन ७५, तापाला क्रोसिन.

*समीर:* टेल्मिसार्टन ४०, मेटफॉर्मिन ५००, अ‍ॅसिटिलसॅलिसिलिक अ‍ॅसिड ७५, पॅरासिटामॉल. क्रोसिन म्हटलं तर इथे कोणाला कळत नाही, आणि मग त्यावर दुसरं पॅरासिटामॉल दिलं जातं. इकोस्प्रिन संपत आली असेल तर विचारून ठेव, इथे सहसा १०० ची मिळते.

*जोशीकाका:* ११६११७ सेव्ह करून ठेवा सगळ्यांनी.

*नेहा:* आमचा आरव सोबत आला तर चालेल का? चौथीत आहे, जर्मन फाडफाड बोलतो.

*वैशालीताई:* नेहा, मुलाला दुभाषी करू नकोस. डॉक्टर वाईट काही बोलले तर मूल ते गाळतं, नाहीतर घाबरतं. मोठं माणूस असावं, आणि त्यानेही बाबांच्या वतीने उत्तरं देऊ नयेत. प्रश्न सांगायचा, बाबांचं उत्तर जसंच्या तसं परत सांगायचं.

*नेहा:* मी मदत म्हणूनच म्हटलं. असो.

*वैशालीताई:* हो गं, कळलं मला. मनापासून म्हणालीस.

*शिरीष:* विमा कंपनी दुभाष्याचे पैसे देते ना?

*समीर:* नाही. सरकारी विम्यात फक्त सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचे मिळतात. म्हणून आधीच भाषेवरून डॉक्टर शोधायचा. डॉक्टोलिबवर (डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायचं अ‍ॅप) भाषेचा फिल्टर आहे.

*जोशीकाका:* ११६११७ च्या साइटवरही डॉक्टर शोधता येतो.

*प्रसाद (अ‍ॅडमिन):* काका, नंबर पोचला सगळ्यांना 🙏

*जोशीकाका:* पोचला तर वापरत का नाहीत? लोक तापासाठी इमर्जन्सीत सहा तास बसतात.

*मानसी:* काका, लावलाय. होल्डवर आहे.

*समीर:* मानसी, बाबा व्हिजिटर व्हिसावर ना? मग आपलं इथलं विम्याचं कार्ड चालणार नाही. प्रवासविम्याची पॉलिसी, पासपोर्ट आणि पैसे न्या. बिल आधी आपण भरायचं, मग क्लेम. जुन्या बीपी-शुगरचा खर्च बऱ्याच पॉलिसी देत नाहीत. आजचा ताप नवा आहे, तो कधी सुरू झाला ते कागदावर येऊ दे.

*शिरीष:* ऑफिसला द्यायची माझी आजारपणाची चिठ्ठी तिसऱ्या दिवशी लागते की चौथ्या?

*समीर:* शिरीष, नंतर. (तीन दिवसांहून जास्त आजारी असलास तर चौथ्या दिवशी, शनिवार-रविवारही धरून. करारात आधीची अट असेल तर ती पाळ.)

*वैशालीताई:* निदान लिहूनच मागा, तोंडी ऐकून घरी येऊ नका. कागदावर निदानाचा कोड असतो, त्याच्या शेवटी अक्षर असतं: जी म्हणजे नक्की, व्ही म्हणजे संशय, ए म्हणजे तो आजार नाही असं ठरलं. लोक व्ही असलेला कोड इंटरनेटवर शोधतात आणि रात्रभर झोपत नाहीत.

*मानसी:* फोन लागला. जवळचा उघडा दवाखाना सांगितला, साडेचारपर्यंत पोचायला सांगितलंय. कागद लिहितेय. समीर, तू येशील का?

*समीर:* सव्वाचारला दारात असतो.

*वैशालीताई:* बिलावर बाबांचं नाव पासपोर्टप्रमाणे, तारीख आणि निदान आहे ना, ते तिथेच तपासा. नंतर बदलून घ्यायला आठवडे जातात.