उत्तर: दुधाचे दात पडणारच, मग कशाला घासायचे?

‘दुधाचे दात पडणारच, मग इतका आटापिटा कशाला’ हे वर कुणीतरी लिहिलंय, ते अजिबात पटलं नाही. पुढचे दात सहा-सातव्या वर्षी पडायला लागतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. त्या किडून लवकर काढाव्या लागल्या की शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्याला जागा उरत नाही. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून बरेच आईबाबा तिला दुधाचीच समजून सोडून देतात.

‘ब्रश हातात द्या, शिकतील आपोआप’ याला अर्धा पाठिंबा. द्याच, पण नंतर एकदा आपण फिरवायचा, सात-आठ वर्षांचे होईपर्यंत. आमच्या इंदूरात रविवारी पोहे-जिलबी झाली की नातवाचं डोकं मांडीवर घेऊन ओठ बोटाने उचलून बघते. समोरचे दात चकाचक, आणि मागच्या दाढेच्या खाचेत शेव-जिलबीचा लगदा तसाच! पेस्ट फ्लोराइडवाली, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे मटाराएवढी. जाहिरातीतला ब्रशभर पट्टा नको. थुंकायला शिकवा, पण वर खळाखळा चुळा नकोत, फ्लोराइड धुऊन जातं. आणि रात्री घासल्यावर साखर घातलेलं दूध बंद. आमच्याकडे हे नातवापेक्षा त्याच्या आजोबांना पटवणं जड गेलं.