धर्म बदलल्यावर ना. वा. टिळकांची कविता फुलली की आटली?

कृष्णाकाठ (सातारा): रविवारी उपासनेनंतर चहावर जुंपली. पोरांना गिटार-ड्रम हवेत, 'उपासना संगीत' या आमच्या गीतपुस्तकातली भजनं म्हणे म्हाताऱ्यांची. त्यावरून गाडी रेव्हरंड ना. वा. टिळकांवर आली आणि एक पाहुणे बोलून गेले, "धर्म बदलला तसा कवी संपला, उरला प्रचारक." मला साफ नामंजूर. १८९५ला बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेला हा माणूस १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून आमच्या साताऱ्यात आला, 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथं जागा. नुसता प्रचारक पगारावर पाणी सोडतो होय?

वाळवेकर: पगार सोडला म्हणून कविता चांगली ठरत नाही. लोकांच्या तोंडी राहिली ती फुलांची, पाखरांची. भजनात शेवट आधीच ठरलेला, मग वाचकानं सोबत चालायचं कशाला?

मिरजवाली: शेवट तुकोबांचाही ठरलेलाच की, विठ्ठल! टिळक तर स्वतःच सांगायचे, तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो.

वाळवेकर: तुकोबा विठ्ठलाशी भांडतात हो, वाट्टेल ते बोलतात. टिळकांच्या भजनात तसं भांडण दाखवा, शब्द मागे घेतो.

कृष्णाकाठ: भांडण नसेल, पण कान आहे. विलायती चालीवर बसवलेलं गीत ऐका: 'दया'चं 'दऽऽया' होतं, श्वास भलत्याच अक्षरावर तुटतो. टिळकांचं भजन लागलं की आमची आजी पेटीवाल्यासाठी थांबत नाही. डोळे मिटलेले, पहिल्याच ओळीला झांज सुरू. अक्षर वाचता येत नाही तिला, कडवी मात्र सगळी पाठ. (चष्मा तरी रुबाबात लावते.)

मिरजवाली: आणि भांडणच हवं तर टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे या. नवऱ्यामागं फरफटत गेल्या नाहीत. सोवळ्याओवळ्याशी, नवऱ्याशी, स्वतःशी झगडून १९०० साली बाप्तिस्मा घेतला. टिळकांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तावरचं महाकाव्य त्यांनीच पुरं केलं.

वाळवेकर: बाई थोरच. पण त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातला जीव संसारातून आलाय, चर्चमधून नाही.

मिरजवाली: त्या पुस्तकात दोन्ही वेगळं काढून दाखवा बरं. घर मोडलं ते श्रद्धेपायी, पुन्हा उभं राहिलं तेही तिच्याच आधारानं.

वाळवेकर: हं. पुन्हा वाचतो. भजनांबद्दलचं म्हणणं मात्र सोडलेलं नाही.

नवा सभासद: ते ड्रमचं काय झालं शेवटी?

कृष्णाकाठ: नाताळला ढोलकीच. आजीनं झांज खाली ठेवायला नकार दिला.