लॅपटॉपला वेगळं साउंड कार्ड लावून काय फरक पडला?

हेडफोन लावून रात्री गाणं ऐकायला बसलं की मागे बारीक सूंऽऽ चालूच. माउस हलवला की किरकिर, डिस्कचं काम सुरू झालं की वेगळीच टिकटिक. मदरबोर्डवरच्या दाटीवाटीत आवाजाच्या चिपला शांतता मिळणार तरी कुठून! यूएसबी साउंड कार्ड किंवा डॅक (डिजिटल आवाजाचं हेडफोनला चालेल अशा सिग्नलमध्ये रूपांतर करणारी डबी) वापरणाऱ्यांनी लिहा. मॉडेलची नावं नंतर. आधी काय खटकत होतं आणि ते गेलं का, एवढं सांगा.

खर्जातला : माझे हेडफोन ३०० ओहमचे, म्हणजे चालवायला जास्त जोर लागणारे. लॅपटॉपच्या जॅकवर आवाज पूर्ण चढवला तरी गायक पुटपुटतोय असंच वाटायचं. अ‍ॅम्प असलेला छोटा डॅक लावला आणि तंबोऱ्याची जवारी विरेपर्यंत ऐकू यायला लागली. साध्या इयरफोनवर मात्र फरक शोधावा लागतो.

खुडबुड्या : लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरना या कार्डाचा काडीचा उपयोग नाही, हे कुणीतरी ठळक लिहा. आवाज कार्डातूनच बाहेर पडतो. पुढे हेडफोन नाहीतर वेगळे स्पीकर हवेतच.

घुंगघुंग : माझी तक्रार निराळी. चार्जर लावला की बाहेरच्या स्पीकरमधून घुंऽऽ, काढला की गप्प. यूएसबी कार्ड लावूनही तेच, कारण भानगड ग्राउंड लूपची होती (दोन उपकरणं ग्राउंडच्या दोन वाटांनी जोडली गेली की तयार होणारं वेटोळं). शेवटी ऑप्टिकल आउटपुटचं कार्ड आणलं. त्या केबलमधून नुसता प्रकाश जातो, वीज नाही, लूपच तुटला.

रियाज चालू : मी गाणं रेकॉर्ड करते. कंडेन्सर माइक आहे, त्यामुळे ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकला त्याच्याच केबलमधून मिळणारी वीज) देणारा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे रेकॉर्डिंगसाठीचं बाहेरचं साउंड कार्ड, घ्यावाच लागला. खरा वैताग होता तो उशिराचा : आपलाच सूर हेडफोनमध्ये मागून येतो आणि लय बसत नाही. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारा) टाकून बफर, म्हणजे एका वेळी साठवून पुढे पाठवायचा आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलवर आणला. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापं, म्हणजे सॅम्पल) तो जेमतेम २.७ मिलिसेकंदांचा. जाण्यायेण्याचा वेळ धरून उशीर याहून जास्तच होतो, पण गाता येतं. बफर आणखी कमी केला की माझ्याकडे तडतड सुरू होते. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं (माइकचा आवाज लॅपटॉपचा वळसा न घेता थेट हेडफोनमध्ये देणारं) बटण असेल तर ही कटकटच नको.

खर्जातला : खोक्यावरच्या १९२ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगला भुलू नका, बरं का. सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगमध्येच २० किलोहर्ट्झपर्यंतचे सगळे सूर मावतात, आणि चाळिशीनंतर आपले कान तिथवरही पोचत नाहीत.

खुडबुड्या : तडतड येत असेल तर आधी कार्ड हबमधून काढून थेट पोर्टला लावून बघा. माझ्याकडे तेवढ्यावरच भागलं.