बुद्धिबळातल्या ‘पिन’ला मराठीत काय म्हणावं?

प्यादेवाला:
सोसायटीतल्या पोरांसाठी बुद्धिबळाची टिपणं मराठीत काढतोय. शह, मात, किल्लेकोट, जोर (‘त्या प्याद्याला उंटाचा जोर आहे’) इथवर अडलं नाही. ‘पिन’पाशी गाडी थांबली, म्हणजे मोहरं हललं की मागचा राजा किंवा वजीर उघडा पडतो म्हणून ते अडकून राहतं, ती स्थिती. ‘जखडणे’ की ‘खिळणे’?

अडीच घरं:
‘खिळणे’ नको. ‘घोडा खिळला’ आणि ‘घोडा खेळला’, वर्गातल्या गलक्यात फरक कुणाला ऐकू येणार?

‘जखडणे’ चांगला, पण सगळीकडे नाही. अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फीचा १८५८ चा पॅरिसच्या ऑपेरातला डाव काढा. समोर ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर, दोघे मिळून काळी मोहरी खेळताहेत. नवव्या चालीला मॉर्फीचा उंट जी५ वर येतो (उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८). एफ६ वर काळा घोडा, त्याच्या पाठीमागे ई७ वर वजीर. हा घोडा हलवायला नियमाची आडकाठी नाही, फक्त वजीर जातो. अकराव्या चालीला दुसरा उंट बी५ वर प्यादं मारून शह देतो, तेव्हा काळा आपला दुसरा घोडा डी७ वर आडवा घालतो. त्याच्यामागे थेट राजा. हा घोडा हलूच शकत नाही. हा खरा जखडलेला. पहिल्याला मी ‘बांधलेला’ म्हणेन.

पुढची गंमत अशी की डी७ वर मारामारी होते, काळा वजीर ई६ वर सरकतो आणि बांधलेला घोडा मोकळा होतो. तोच घोडा मग डी७ वर उंट मारतो, आणि मॉर्फी बी८ वर वजीर फेकतो तेव्हा त्यालाच तो घ्यावा लागतो. डी पट्टी उघडी पडते, हत्ती डी८ वर, मात. सतरा चालींत खेळ खल्लास.

तिरका उंट:
बांधलेला विरुद्ध जखडलेला, पटलं. पुरावाही आहे. फ्रेंच खेळाडू फिलिडॉरचे गुरू लेगाल यांच्या नावाची मात बघा. पांढरा घोडा एफ३ वर, काळा उंट जी४ वर, मागे डी१ वर पांढरा वजीर. घोडा बांधलेला. तरी तो दावं तोडल्यासारखा ई५ वरचं प्यादं मारतो. काळ्यानं हावरटपणे वजीर खाल्ला की उंट एफ७ वर शह, राजा ई७, आणि दुसरा घोडा डी५ वर मात. या घोड्याला ‘जखडलेला’ शिकवलंत तर पोरं ही चाल शोधणारच नाहीत.

प्यादेवाला:
ठरलं मग. आता त्सुगत्स्वांग, म्हणजे चाल करावीच लागते आणि तीच नडते! ‘चालकोंडी’ कसं वाटतं?

अडीच घरं:
कोंडीत चालच उरत नाही असं वाटतं, आणि शह नसताना चाल उरली नाही तर डाव बरोबरीत सुटतो. इथे चाली असतात, पण जी करावी ती अंगाशी येते. ‘चाल नडणे’ म्हणा की सरळ.

तिरका उंट:
उदाहरण म्हणून झेमिश–निम्झोविच, कोपनहेगन १९२३ देऊ नका. काळ्याकडून खेळणाऱ्या निम्झोविचनं २५ व्या चालीला प्यादं एच६ वर सरकवलं आणि भरल्या पटावर पांढऱ्यानं डाव सोडला, म्हणून त्याचा फार बोलबाला. पण पांढऱ्याला चाल न करण्याची मुभा असती तरी काळ्याच्या धमक्या होत्याच, म्हणजे ती शुद्ध जातीची त्सुगत्स्वांग नव्हे. त्यापेक्षा चार मोहरी मांडा: पांढरा राजा एफ५, प्यादं ई४, काळा राजा डी४, प्यादं ई५. ज्याची चाल, त्याचं प्यादं गेलं. पाच वर्षांच्या पोरालाही कळतं.

गडचिरोलीकर:
इतके नवे शब्द शोधताय आणि हातातला ‘काटशह’ विसरलात! राजकारणाच्या बातम्यांनी तो उचलला, पटावरून मात्र गायब झालाय. शह आडवताना मध्ये घातलेल्या मोहऱ्यानं उलट शह बसणं, हे वजिरांच्या अंत्यखेळात फार कामाचं हत्यार. बोट्विनिक–मिनेव, ॲमस्टरडॅम १९५४ बघा. शेवटी बोट्विनिकचा राजा सी५ वर येतो आणि मिनेव डाव सोडतो, कारण वजिरानं कुठूनही शह दिला तरी काटशह बसतो आणि वजिराला वजीर जातो. उरलेलं प्यादं मग आरामात वजीर होतं.

प्यादेवाला:
काटशह टिपणात चढवला, डावासकट. ‘आँ पासाँ’ला (दोन घरं पुढे आलेल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्यानं जाता जाता मारणं) कुणी हात लावणार आहे का?

अडीच घरं:
ते फ्रेंचच राहू द्या.