जुन्या पिकअपसाठी मॅन्युअल गिअरबॉक्स कसा निवडलात? : अनुभव धागा

अमेरिकेत राहून जुनी पिकअप गाडी नव्याने उभी करणारे काही मराठी हौशी माझ्या ओळखीचे आहेत आणि आणखी काही या धाग्यावर येतील, अशा भरवशाने हे निमंत्रण देत आहे. अशा गाड्यांच्या चर्चेत पहिला मान इंजिनाला मिळतो आणि गिअरबॉक्स मात्र भंगार गाड्यांच्या आवारात जो हाती लागेल तो बसवला जातो. माझे मत याच्या उलट आहे. गाडीकडून कोणते काम घ्यायचे, टायर केवढे असणार आणि मागच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर (शाफ्टच्या किती फेऱ्यांत चाक एकदा फिरते तो आकडा) किती, हे एकदा ठरले की पहिल्या आणि शेवटच्या गिअरचे आकडे (इंजिनाच्या किती फेऱ्यांत शाफ्ट एकदा फिरतो) आपोआप समोर येतात. गिअरबॉक्सचे नाव त्यानंतर शोधायचे असते. आपण कोणता गिअरबॉक्स घेतला आणि रस्त्यावर तो कसा चालला, हे शक्यतो आकड्यांसह लिहावे. सुरुवात मी करतो.

माझी गाडी १९४९ ची शेव्हरोले ३१०० आहे आणि ती मिशिगनमध्ये असते. तिच्या मूळ २१६ घनइंची इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना उडणाऱ्या तेलावरच भागवावे लागते, त्यामुळे महामार्गावर ते सतत जास्त फेऱ्यांवर पळवणे योग्य नव्हे. म्हणून मी १९५४ नंतरचे, बेअरिंगांना दाबाने तेल पुरवणारे २३५ घनइंची सहा सिलिंडरचे इंजिन बसवले. मागचे गुणोत्तर ४.११ आणि टायरची उंची २८ इंच धरली, तर ताशी ६० मैलांना थेट टॉप गिअरमध्ये (गुणोत्तर १) इंजिन मिनिटाला सुमारे २,९६० फेरे घेते. हे इंजिन खालच्या फेऱ्यांवर जोर देणारे आहे, तेव्हा मला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे शाफ्टला इंजिनापेक्षा जलद फिरवणारा गिअर, हवाच होता.

शेव्हरोले एस-१० या छोट्या पिकअपमधला टी-५ हा पाच गिअरचा गिअरबॉक्स मी निवडला, कारण त्याचा गिअर लिव्हर पुढच्या बाजूला निघतो आणि जुन्या सलग बाकासारख्या सीटच्या आड येत नाही. मात्र बाहेरून सारख्या दिसणाऱ्या टी-५ मध्ये पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.७२ असू शकते, तसेच ०.८६ ही असू शकते. पहिल्यात त्याच वेगाला सुमारे २,१३० फेरे पडतात, तर दुसऱ्यात सुमारे २,५४५. मागच्या बाजूच्या बोल्टला अडकवलेल्या पत्र्याच्या पट्टीवर १३५२ ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. पट्टी हरवली असेल, तर मागचे कवच काढून पाचव्या गिअरचे दात मोजावेत.

या पिढीच्या गाड्यांत खरा खर्च गिअरबॉक्सचा नसतो. १९५४ पर्यंतच्या ३१०० मध्ये प्रोपेलर शाफ्ट एका बंद नळीत असतो आणि ती नळी थेट मागच्या हाउसिंगला (डिफरन्शियल आणि धुरा ज्यात असतात त्या कवचाला) जोडलेली असते. गिअरबॉक्स बदलला की उघडा शाफ्ट बसवावा लागतो आणि मागचे संपूर्ण हाउसिंगही बदलावे लागते, आणि ते ज्या गुणोत्तराचे मिळेल त्यावर वरचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. म्हणूनच मी हाउसिंग आधी घेतले आणि गिअरबॉक्स नंतर.

प्रतिसाद : कोलोरॅडो

माझी गाडी सत्तरच्या दशकातली शेव्हरोले के-१० आहे आणि तिचे काम डोंगरातल्या खडकाळ वाटांचे आहे. तिच्यातला एसएम-४६५ मी काढला नाही. चार गिअर, ओतीव लोखंडाचे कवच आणि ६.५५ चा पहिला गिअर असा हा गिअरबॉक्स आहे. एनपी-२०५ ट्रान्सफर केसचे (चारही चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीचे) खालचे गुणोत्तर १.९६ आणि मागचे ४.१० धरले, की एकूण गुणाकार साडेबावन्नच्या पुढे जातो; तो जितका मोठा, तितकी गाडी हळू आणि जोराने चालते. टीकेओ-६०० हा ६०० पौंड-फूट टॉर्क (पिळाचा जोर) सोसणारा नामांकित गिअरबॉक्स आहे, पण त्याचा पहिला गिअर २.८७ चा असल्याने याच गाडीत गुणाकार तेविसावर थांबेल. ताकद सोसण्याची क्षमता आणि हळू चालण्याची क्षमता या वेगळ्या गोष्टी आहेत, हे नव्याने गाडी घडवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे असे मला मनापासून वाटते. मी उतारावर ब्रेकवरून पाय काढतो आणि गाडी इंजिनाच्या जोरावर पावलापावलाने उतरते.

त्याची किंमत महामार्गावर मोजावी लागते. ओव्हरड्राइव्ह नाही, आणि ३३ इंची टायर असूनही ताशी ६५ मैलांना इंजिन सुमारे २,७०० फेऱ्यांवर असते. पहिल्या गिअरला सिंक्रोनायझर (गिअर टाकताना दोन भागांचा वेग जुळवणारे कडे) नसल्याने तो गाडी थांबल्यावरच टाकावा. एरवी दुसऱ्यावरच सुटावे.

प्रतिसाद : टेक्सास

माझ्या यजमानांची आणि माझी १९५६ ची फोर्ड एफ-१०० केवळ शहरात आणि रविवारच्या फेरफटक्याला चालते, ओझे वाहत नाही. ३०२ घनइंची व्ही-८ ला मस्टँगचा टी-५ जोडला. पहिला गिअर ३.३५ आणि मागचे ३.५५, म्हणजे गुणाकार बाराच्या आसपास येतो, आणि रिकामी गाडी सिग्नलवरून सहज सुटते. लिव्हर मात्र मूळ जागी सीटच्या फारच जवळ येत होता, म्हणून एस-१० चे मागचे कवच आणि आतला शाफ्ट बदलून तो पुढे आणला. हीच गाडी विटा किंवा ट्रेलर ओढणार असती, तर मी हा गिअरबॉक्स घेतला नसता. त्याची टॉर्क क्षमता हलक्या मोटारीचे वजन गृहीत धरून सांगितलेली असते.

प्रतिसाद : कॅनडा, आल्बर्टा

आमच्याकडे ट्रेलर ओढणे हेच मुख्य काम असल्याने कमिन्स डिझेल इंजिनामागे एनव्ही-४५०० हा पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला आहे. पहिला गिअर ५.६१, पाचवा ०.७३ च्या आसपास, आणि वजन तब्बल ८५ ते ९० किलो; जॅकशिवाय बसवण्याचा विचारही करू नये. सुरुवातीच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांतल्या याच नावाच्या गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर ६.३४ चा होता, तेव्हा विकत घेताना कोणत्या काळातला आहे हे विचारावे.

डिझेलच्या हादऱ्यांनी याचा पाचव्या गिअरचा नट सैल होऊ शकतो, ही गोष्ट या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. त्यावर घट्ट आवळून बसणारा सुधारित नट मिळतो. गिअरबॉक्स खाली असतानाच आम्ही तो बसवून घेतला.

प्रतिसाद : नाशिक

भारतात असे बदल करू इच्छिणाऱ्यांसाठी लिहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधारे स्पष्ट केले, की उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. म्हणून आमच्या गॅरेजमध्ये जुन्या जीपचा मूळ टी-९० हा तीन गिअरचा गिअरबॉक्सच दुरुस्त करून पुन्हा बसवला जातो. त्याचा पहिला गिअर फक्त २.८ च्या जवळपास असतो, पण सीजे-३बी या जीपमध्ये ट्रान्सफर केसचे २.४६ आणि धुऱ्यांचे ५.३८ यांच्याशी गुणल्यावर उत्तर ३७ येते. धागालेखकांनी मागचे हाउसिंग आधी ठरवायला सांगितले आहे, त्याला हा आकडा पुष्टी देतो.

प्रतिसाद : ओहायो

पिंपरीच्या टूलरूममध्ये शिकलेला माणूस म्हणून एकाच गोष्टीवर भर देतो. गिअरबॉक्स कोणताही असो, बेल हाउसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या कवचाचे) मधले भोक क्रँकशाफ्टच्या अक्षाशी जुळले आहे का, हे डायल गेजने (सूक्ष्म अंतर दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाने) तपासल्याशिवाय तो बसवू नये. गेजचे चुंबक फ्लायव्हीलला लावायचे, टोक भोकाच्या आतल्या कडेला टेकवायचे आणि इंजिन हाताने पूर्ण फिरवायचे. गेजवर दिसणारा एकूण फरक प्रत्यक्ष सरकलेल्या अंतराच्या दुप्पट असतो, हे विसरल्यास दुरुस्तीही दुप्पट होते. मी गेजवरचा फरक ०.००५ इंचाच्या आत आणतो. त्यासाठी विकेंद्री डॉवेल पिना (फिरवल्यावर हाउसिंग किंचित सरकवणाऱ्या खुंट्या) मिळतात. एका इंजिनाला दुसऱ्याच कंपनीचा गिअरबॉक्स जोडणारी पट्टी मध्ये आली, की ही तपासणी अधिकच आवश्यक ठरते, कारण प्रत्येक जोडाबरोबर थोडी चूक वाढत जाते. इनपुट शाफ्टचे बेअरिंग गुणगुणू लागणे, पायलट बुश (क्रँकशाफ्टच्या टोकाशी इनपुट शाफ्टला आधार देणारे कडे) झिजणे आणि गाडी चालू असताना गिअर आपोआप सुटणे, या तिन्ही तक्रारींत मी पहिल्यांदा इथेच पाहतो.

त्यानंतर शाफ्टचे कोन पाहावेत. गिअरबॉक्सचा मागचा आणि डिफरन्शियलचा पुढचा अक्ष एकमेकांना समांतर असावेत आणि शाफ्टच्या प्रत्येक क्रॉसवरचा (वाकणाऱ्या सांध्यावरचा) कोन एक ते तीन अंशांत राहावा.

धागालेखक

ओहायोच्या प्रतिसादाबद्दल विशेष आभार. तेलाविषयी एक भर घालतो. टी-५ च्या जुन्या रचनेत गिअर ऑइल चालते, पण ‘वर्ल्ड क्लास’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नंतरच्या रचनेत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ तेलच घालावे लागते. एनव्ही-४५०० ला जीएल-४ दर्जाचे सिंथेटिक तेल लागते. जीएल-५ मधली रसायने पितळी सिंक्रोनायझरला मानवत नाहीत आणि गिअर बदलताना तो अडखळू लागतो. टोयोटाच्या जुन्या पिकअपमधील पाच गिअरचे गिअरबॉक्स कोणी दुसऱ्या इंजिनांना जोडले असतील, तर त्यांनी मागचे गुणोत्तर आणि टायरच्या उंचीसह जरूर लिहावे.