टोटल लॉस गाडीवरच्या जास्तीच्या सामानावर हक्क कोणाचा?

रानवाट (धागाकर्ता)

माझ्या भाच्याची थार या पावसाळ्यात ताम्हिणी घाटात उलटली. आतली चौघंही पट्टे लावून बसली होती, सगळे सुखरूप आहेत. गाडी मात्र टोटल लॉसमध्ये गेली, आणि आता विमा कंपनीशी जी घासाघीस चालू आहे तिच्याबद्दल इथल्या जाणकारांचं मत हवंय.

आकडे असे. पॉलिसीतला आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, १०,८०,००० रुपये. दुरुस्तीचं एस्टिमेट ८,७०,०००. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस, हा नियम. इथे ती रेषा ८,१०,००० ला येते. इथपर्यंत काही तक्रार नाही.

भाच्याने गाडीवर दोन वर्षांत बराच खर्च केला होता. अलॉय आणि ऑल-टेरेन टायर १,३५,०००, उंच सस्पेन्शन ८०,०००, पुढचा लोखंडी बंपर ६०,०००, म्युझिक सिस्टीम ६२,०००, जादा दिवे १४,०००. एकूण साडेतीन लाखांच्या वर. यातलं काहीही पॉलिसीत नोंदवलेलं नाही, त्यामुळे त्याचे पैसे मिळणार नाहीत असं कंपनी म्हणते.

आता खरी गोम. कंपनीने दोन पर्याय दिले. गाडीचा सांगाडा कंपनीला द्या आणि आयडीव्हीतून मालकाने सोसायचे सक्तीचे २,००० वजा करून १०,७८,००० घ्या. किंवा सांगाडा तुम्ही ठेवा, मग सॅल्व्हेजची, म्हणजे भंगाराची, बोली वजा होईल. बोली आली आहे ३,१०,०००, म्हणजे हातात ७,६८,०००. ही बोली आली ती अलॉय, टायर, बंपर, म्युझिक सिस्टीम सगळं धरून! जुन्या गाड्या घेणाऱ्या ओळखीच्या माणसाला फोटो दाखवले, तर तो म्हणाला की कंपनीच्या मूळ सामानावर ही गाडी २,३०,००० च्या पुढे गेली नसती.

म्हणजे नुकसान मोजताना ते सामान नव्हतंच, आणि भंगार विकताना मात्र आहे. हे ८०,००० रुपये माझ्या मते भाच्याचे आहेत.

पंचनामा

रानवाट, मुलं सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. मी परवानाधारक मोटार सर्व्हेयर आहे, म्हणजे अपघातातलं नुकसान तपासून विमा कंपनीला अहवाल देतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

पॉलिसीच्या पहिल्या पानावर आयडीव्हीचा आडवा तक्ता असतो. गाडी, इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज, नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज, सीएनजी/एलपीजी किट, आणि शेवटी एकूण. तुमच्या भाच्याच्या पॉलिसीत मधल्या तिन्ही रकान्यांत शून्य असणार. तो तक्ता म्हणजे करार. गाडीचा आकडा निघतो उत्पादकाच्या यादीतल्या किमतीवरून, वयाप्रमाणे घसारा कापून. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के. बाहेरून बसवलेली वस्तू त्या यादीत नसते, म्हणून तिची किंमत वेगळी लिहावी लागते.

ते महागही नाही. इलेक्ट्रिकल सामानाला किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता. म्युझिक आणि दिवे मिळून ७६,००० धरले तर ३,०४० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. साधारण ३,६०० वर्षाला. साडेतीन लाख गाडीवर घालणाऱ्याला हे जड नव्हतं.

आणि एक कटू गोष्ट. उंच सस्पेन्शन लावलं की गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. तुमची गाडी उलटली आहे. एखाद्या कंपनीने हाच मुद्दा धरून क्लेम अडवला असता. तुम्हाला पूर्ण आयडीव्ही देऊ केला आहे, तो घ्या, सांगाडा सोडा.

नटबोल्ट

कोल्हापुरात माझं अ‍ॅक्सेसरीजचं दुकान आहे. पंचनामा साहेबांचा तक्ता बरोबर, पण तो भरतं कोण ते सांगतो. नवी गाडी घेताना शोरूममध्येच सीट कव्हर, कॅमेरा, दिवे, कधी अलॉयसुद्धा पॅकेज म्हणून गळ्यात मारतात. त्याच टेबलावर विमा निघतो. त्याच माणसाने सामान विकलेलं असतं, तरी "हे विम्यात लिहायचं का?" असं तो विचारत नाही. नूतनीकरण तर मोबाईलवर होतं. मागच्या वर्षीचे आकडे आपोआप येतात, माणूस पैसे भरतो आणि मोकळा होतो.

गिऱ्हाईकाचीही चूक आहे, ती झाकत नाही. दहापैकी बरेच जण "बिल नको, जीएसटी वाचवा" म्हणतात. बिलच नसेल तर उद्या सर्व्हेयरने किंमत धरायची कशावर? मी माझ्याकडच्या प्रत्येक बिलावर गाडीचा नंबर घालतो आणि विमा एजंटला फोटो पाठवायला सांगतो. ऐकणारे ऐकतात.

पण धाग्याचा प्रश्न भरपाईचा नाहीच, भंगाराचा आहे. तिथे मी रानवाटांच्या बाजूने.

वाईकर

मी साफ विरुद्ध आहे. मी माझी गाडी कंपनीने दिली तशी चालवते, हप्ता वेळेवर भरते, आणि घाटात असल्या उंच केलेल्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत घेत घरी येते. पसरणी घाटात रात्री समोरून त्या पांढऱ्या पट्ट्या आल्या की दोन क्षण रस्ता दिसत नाही. म्हणून या विषयावर बोलायचा मला हक्क आहे.

पुढच्या लोखंडी बंपरबद्दल केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. गाडीचा पुढचा भाग दबून धक्का शोषून घेईल असा बनवलेला असतो, एअरबॅगचं गणित त्यावर असतं, आणि पायी चालणाऱ्याला तर तो बंपर थेट लोखंडच. अशा वस्तूची किंमत मिळाली पाहिजे म्हणून इथे धागा निघतो याचं मला वाईट वाटतं.

जोखीम वाढवायची, ती लपवायची, आणि अपघात झाला की हिशेब मागायचा. विम्याचा पैसा शेवटी आपल्या सगळ्यांच्या हप्त्यातून येतो.

काळा कोट

ग्राहक आयोगात विम्याची प्रकरणं चालवते. कायद्याबद्दल थोडं.

वाईकर ताईंचा मुद्दा हवेतला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या के. जयचंद्र प्रकरणात ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: मालकाने असा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सस्पेन्शन आणि बंपर त्या कचाट्यात येऊ शकतात. म्युझिक सिस्टीमचं तसं नाही. हे सगळं सामान एकाच पोत्यात भरू नका.

पण नियम मोडला म्हणून क्लेम शून्य, असंही नाही. खाजगी गाडी भाड्याने वापरल्याच्या अमलेंदू साहू प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्लेम 'नॉन-स्टँडर्ड' धरून, म्हणजे काही कपात करून, द्यायला सांगितलं. व्यवहारात ते मान्य रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत जातं. म्हणून रानवाट, सस्पेन्शनचा वाद उकरण्यात तुमचा फायदा नाही. १०,८०,००० चे ७५ टक्के म्हणजे ८,१०,०००. पत्र लिहाल तेव्हा शब्द जपून.

भंगाराच्या मुद्द्यात मात्र दम आहे. विमाधारकाला अपघातातून नफा होऊ नये हे तत्त्व सगळ्यांना पाठ असतं. त्याची दुसरी बाजू अशी की, विमा कंपनीने ज्या वस्तूची भरपाई दिली त्याच वस्तूच्या अवशेषावर तिचा हक्क. सागरी विम्याच्या १९६३ च्या कायद्यात, कलम ७९ मध्ये, हे सरळ लिहिलंय: ज्या वस्तूचे पैसे दिले, तिचं जे उरलं ते विमा कंपनीकडे. मोटार विम्याला ते कलम लागू नाही, पण विचार तोच. ज्या म्युझिक सिस्टीमचा एक रुपयाही दिला नाही, ती कंपनीची कशी होते?

रानवाट

काळा कोट, आभार. हेच मला नीट शब्दांत मांडता येत नव्हतं.

वाईकर ताई, बंपरबद्दल तुमचा राग योग्य आहे. भाच्याला मीही तेच सांगत आलोय. मी बंपरची भरपाई मागत नाही. कसलीच मागत नाही. हप्ता भरला नाही, पैसे नाहीत, मान्य. पण मग जे विम्याच्या बाहेर होतं ते शेवटपर्यंत बाहेर राहू दे.

पंचनामा साहेब म्हणतात सांगाडा सोडा, १०,७८,००० घ्या. तिथेही गणित बदलत नाही. सांगाडा सोडला तर ते ८०,००० कंपनीला लिलावात मिळतात. ठेवला तर आमच्या रकमेतून वजा होतात. दोन्ही वाटांनी तेच.

पंचनामा

हा मुद्दा मी टाळणार नाही. बोली कशी येते ते आधी सांगतो. आम्ही गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढतो, चेसिस नंबर, मीटर, इंजिनचा भाग, टायर. ते ऑनलाइन लिलावात जातात. घेणारा फोटो बघूनच ठरवतो की किती सुटे भाग विकता येतील. तुमच्या गाडीचे टायर नवे दिसले असतील तर बोली त्यांनीच वर नेली असणार, हे खरं आहे.

यावर उपाय आहे, पण तो बोलीच्या आधी करायचा असतो. सर्व्हेच्या वेळीच कंपनीला ई-मेल करायचा: पॉलिसीत नसलेलं अमुक अमुक सामान माझं आहे, ते काढून घेण्याची लेखी परवानगी द्या, आणि त्यानंतर बोली मागवा. मी स्वतः अशी परवानगी द्यायची शिफारस केलेली आहे. परवानगीशिवाय गॅरेजमध्ये जाऊन पाना लावाल तर सांगाड्याशी छेडछाड म्हणून उलट तुमच्यावर येईल.

अडचण पुढे आहे. कंपनीने विमा घेतला तो पूर्ण गाडीचा. अलॉय काढले तर त्या जागी मूळ चाकं लावून द्यावी लागतील. थारला या मॉडेलमध्ये २५५/६५ आर १८ टायर येतात. ते चार, शिवाय स्टेपनी, तुमच्याकडे आहेत का? मूळ सस्पेन्शन आहे का? मूळ बंपर? नसतील तर तुमचं सामान मूळ सामानाच्या जागी आलंय, आणि ते सोडवून नेता येणार नाही. म्युझिक सिस्टीमचंही तसंच, मूळ स्क्रीन परत बसवा आणि खुशाल न्या.

म्हणून तुमचे ८०,००० मला मान्य नाहीत. मूळ टायरचीही बोलीत काही किंमत आलीच असती. फरक फार तर तेवढाच धरता येईल, जेवढ्याचं मूळ सामान तुम्ही हजर कराल.

रानवाट

मूळ स्क्रीन आणि बंपर घरी पोत्यात बांधून ठेवलेत. चाकं त्याने विकली. सस्पेन्शनचं गॅरेजवाल्याला विचारतो.

चाकांबाबत तुमचं म्हणणं पटतंय. तिथे मी मागे येतो.

स्लाउकर

इकडे इंग्लंडमध्ये मॉडिफिकेशन न सांगणं फार गंभीर धरतात, पण २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याने एक वाट काढली आहे. मुद्दाम लपवलं असेल तर पॉलिसी रद्द. निष्काळजीपणे राहिलं असेल आणि कंपनीने जास्त हप्ता घेऊन तरी विमा दिला असता, तर प्रमाणात भरपाई: भरलेला हप्ता भागिले भरायला हवा होता तो हप्ता. ८०० पौंड भरले, १,००० भरायला हवे होते, तर क्लेमच्या ८० टक्के.

भारतात असं स्पष्ट सूत्र आणायला काय हरकत आहे? भरलेल्या हप्त्याशी नातं जोडलं की कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही.

वाईकर

हरकत आहे. या सूत्राने दंड बसतो तो अपघात झाला तर. अपघात न होणाऱ्या हजारो गाड्या कमी हप्ता भरून तशाच फिरत राहणार. मला ते प्रपोजल फॉर्मच्या, म्हणजे विम्याचा अर्ज भरण्याच्या, वेळी पकडलेलं हवंय. नूतनीकरण करताना गाडीचे चार फोटो सक्तीचे करा. बंपर, टायर, दिवे दिसतातच की.

नटबोल्ट

फोटोला माझा पाठिंबा, ताई. धंदा थोडा कमी झाला तरी चालेल. फोटो घेतल्यावर कंपनीला "आम्हाला माहीत नव्हतं" असं म्हणता येणार नाही, आणि मालकालाही नाही.

काळा कोट

रानवाट, आता कामाचं. कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. फक्त म्युझिक सिस्टीम, दिवे आणि बंपर लिहा, बिलं जोडा, मूळ भाग परत बसवून देण्याची तयारी दाखवा, आणि त्यानंतर फेरबोली मागा. सर्व्हेयरचा अहवाल महत्त्वाचा असतो पण शेवटचा शब्द नसतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रदीप कुमार प्रकरणात म्हटलंय. महिनाभरात उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात. पुण्यात कार्यालय आहे. कंपनीने नाकारल्यापासून एक वर्षाची मुदत, ती चुकवू नका.

तोवर डिस्चार्ज व्हाऊचरवर (पैसे मिळाल्याच्या कंपनीच्या पावतीवर) 'पूर्ण आणि अंतिम' म्हणून सही करू नका.

वाईकर

बंपर का लिहायचा त्यात? तोच मुळात बेकायदा ना?

काळा कोट

गाडीवर लावणं बेकायदा. मालकी त्याचीच राहते.

वाईकर

मग परत मिळाल्यावर तो दुसऱ्या गाडीवर चढणार, हे नक्की. लोकपालाने परवानगी दिली तरी माझा याला विरोध राहील. म्युझिक सिस्टीम न्या, दिवे न्या, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

रानवाट

ताई, बंपर यादीतून काढतो. भाच्याशी आत्ताच बोललो, तो कुरकुरला, पण तयार झाला. मसुदा उद्या इथेच टाकतो. पंचनामा साहेब, मूळ स्क्रीन बसवल्याचे फोटो कसे काढायचे तेवढं सांगा, म्हणजे पुन्हा खोट निघायला नको.